माझी युक्ती, तिचा प्रबंध

मी रोह्याच्या कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा एम.एस्सी.ची माझी मैत्रीण पेणला शिकवत होती. तिची पीएच.डी. चालू होती. मला ते जमलं नव्हतं. खांब या माझ्या गावी घरी आजारी वडील आणि भाताची शेती होती. तरी रविवारी मी एस.टी.नं तिच्या सासरी जोह्याला जायचे. घराला लागूनच गणपतीचा कारखाना. माळ्यावर, अजून रंग न लागलेल्या मूर्तींमध्ये चटई टाकून आम्ही तिच्या प्रबंधातल्या एका प्रश्नाशी झटायचो.

बानाख अवकाशात, म्हणजे अंतर मोजता येणाऱ्या एका अमूर्त जागेत, एक मर्यादित, कडेसकट घेतलेला बहिर्वक्र संच घ्यायचा. म्हणजे त्यातले कुठलेही दोन बिंदू जोडले तरी रेघ बाहेर जात नाही. त्यावर असं चित्रण, म्हणजे बिंदू हलवण्याचा नियम, घ्यायचं की बिंदू संचातच हलतील, पण कुठल्याही दोघांमधलं अंतर वाढणार नाही. आमच्या अवकाशांत अशा चित्रणाखाली एखादा बिंदू जागचा हलत नाही, एवढं माहीत होतं. तो स्थिर बिंदू. अशी दोन चित्रणं असली आणि कुठलंही आधी लावलं तरी उत्तर तेच येत असलं, तर दोघांचा मिळून एक स्थिर बिंदू असतो का? पहिल्याचे स्थिर बिंदू मिळून बहिर्वक्र संच होईलच असं नव्हतं, आणि तिथंच आमचं घोडं अडलं होतं.

एका रविवारी मला सुचलं.

"तो संच वाकडा हाय तर असू दे," मी म्हटलं. "सगळा मोठा संचच आधी त्याच्यावर आणून बसवू, अंतर न वाढवता, त्याचे स्वतःचे बिंदू जागीच ठेवून. मग दुसरं चित्रण लावू. या जोडीला मिळून एक स्थिर बिंदू असणारच, तोच घ्यायचा."

तिनं ते वहीत पडताळून पाहिलं. मग तिनं मला मिठीच मारली आणि खाली सासूबाईंना हाक दिली, "आई, आज हिला जेवल्याबिगर सोडायची नाय!" जेवताना म्हणाली, "हे दोघींच्या नावानं छापायचं गो."

पुढे पावसाळाभर तिनं मला बोलावलं नाही. पाहुणे आहेत, कारखान्यात गर्दी आहे, असं सांगायची. मला ते खरंच वाटलं.

दिवाळीनंतर पेणला परिसंवाद झाला. तिचं व्याख्यान ऐकायला मी हौसेनं नवी साडी नेसून गेले. तिनं फळ्यावर माझी युक्ती मांडली आणि म्हणाली, "ही कल्पना सरांशी चर्चा करताना मला सुचली." ते सर, तिचे मार्गदर्शक, पहिल्या रांगेत मान डोलवत होते. माझे कान तापले.

मागून एका प्राध्यापकांनी विचारलं, "पण मिळालेला बिंदू दोन्ही चित्रणांचा स्थिर बिंदू कशावरून?"

ती अडखळली. फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठले. का उठले, ते आजही सांगता येत नाही. खडू घेतला आणि सांगितलं: दुसरं चित्रण पहिल्याच्या स्थिर बिंदूंना त्यांच्यातच ठेवतं, म्हणून आपला बिंदूही त्यांच्यातलाच, मग आणून बसवताना तो हललाच नाही, आणि दुसऱ्यानंही त्याला हलवलं नाही.

"श्रोत्यांतल्या बाईंनी छान मदत केली," मार्गदर्शक म्हणाले. टाळ्या पडल्या.

ती स्टँडपर्यंत माझ्या मागं आली.

"तुझं नाव घातलं असतं तर माझं स्वतंत्र काम काय, असं विचारलं असतं त्यांनी. तुला कुठं पदवी घ्यायची हाय?"

"नाव गाळू का, एकदा विचारायचं होतंस," मी म्हटलं. "मी नाय म्हटलं नसतं."

"म्हणूनच नाय विचारलं. तू दिलंस, असं मग जन्मभर वाटलं असतं."

रोह्याची गाडी लागली, मी चढले. जोह्याला त्यानंतर कधी गेले नाही. तिचा शोधनिबंध छापून आला; आभारांतही मी नव्हते. पुढे ती विभागप्रमुख झाली. मी तीच सिद्धता वर्गात शिकवते. एखादी मुलगी विचारते, "मॅडम, हे कोणी शोधलं?" तेव्हा मी माझ्या त्या मैत्रिणीचं नाव सांगते, आणि लगेच फळा पुसायला घेते.