अकोट आणि अकोला

मंगळवार, ९ जुलै २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. अमरावतीतल्या एजंटच्या कार्यालयात मी माझा नामंजूर झालेला वर्क परमिटचा अर्ज वाचत होते. परदेशातील एका शाळेने मला भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी निवडले होते. नवा अर्ज चार दिवसांत गेला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान अकोट आहे; अर्जात एजंटने अकोला लिहिले होते.

"मॅडम, अकोट काय अन् अकोला काय, जिल्हा तं एकच हाये," तो हसला. "एवढं तं लग्नपत्रिकेतबी चालते. तुमी काहून तापून राहिल्या?"

टेबलावरचा काचेचा पेपरवेट मी उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. भुवईच्या वर कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरले. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तो खुर्चीसह मागे कोसळला. नव्या अर्जाला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, हे मला हात उचलतानाही ठाऊक होते.

जखमेवर ओढणी दाबून मी त्याचे मनगट धरले.

"आता काय करून राहिल्या?" तो कण्हला.

"नाडी मोजते आहे. एकशे अठरा."

"मोजा, मोजा. आता परमिट तुमाले ठाण्यातच भेटन," म्हणत त्याने दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावला.

पलीकडून कुणी उचलेपर्यंत मी स्वतःचीही नाडी मोजली आणि त्याच नामंजूर अर्जाच्या मागे लिहून ठेवली: बहात्तर.