तात्यांनी लावलेला पाट

तात्या गेले.

माझे सासरे. म्हणजे पहिले सासरे.

सकाळपासून जो येतो तो विचारतो, "तुम्ही त्यांच्या कोण?" एकेकाला काय सांगत बसू? इथे लिहिते, एकदाच.

राजूरला तात्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पण जीव सगळा धरणाच्या काठावरच्या शेडमध्ये. तिथे एक जुनी सागवानी मोटरबोट. लिलावातली. माझा नवरा महेश आणि तात्या, दोघा बापलेकांनी हौसेनं आणलेली. इंजिन आधीच कुणीतरी काढून विकलेलं, नुसती बोट आली.

कामाला हात लागायच्या आधीच महेश ॲक्सिडेंटमध्ये गेला.

बोट ताडपत्रीखाली. घरात मी आणि तात्या. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

वर्ष उलटलं आणि एक दिवस तात्यांनी ताडपत्री ओढून काढली.

मी म्हटलं, "राहू द्या ना तशीच."

"लाकूड हाय ते, पोरी. झाकून ठिवलं की सडतं."

मग इंजिनची शोधाशोध. जो तो सांगे, नवीन फोर-स्ट्रोक बसवा, कटकट मिटली. तात्या असे भडकायचे की विचारू नका.

बोटीच्या मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात, तिला तात्या 'पाट' म्हणायचे.

"ह्या पाटावर नवं धूड टांगलं तर बोट मागं बसंल आन् पाट फाटंल. लई हलकं टांगलं तर नुसती रांगंल. दांडी आखूड पडली तर पंखा पान्याच्या वर येऊन हवा खाईल. हिच्या काळाचंच इंजान पायजे हिला."

आता आमच्याकडच्यांना माहीत आहे, पाट म्हणजे आणखी काय. विधवेचं दुसरं लग्न. जुनी माणसं 'पाट लावला' असंच म्हणतात.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर तात्या फोनवर.

"व्हय, पाट लावायचाय आता एकदाचा... जुनं असंल तरी चालंल. पर वयानं बरोबरीचं बगा. लई दांडगं नको, पाट टिकायचा न्हाई... आगुदर कुठं हुतं, का सोडलं, समदं इचारून घ्या."

माझं डोकंच फिरलं! हातातलं उलथणं घेऊन तशीच बाहेर.

"माझा पाट लावायला निघालात? मला विचारलंत? जड झाले का मी?"

तात्या बघतच राहिले. फोनमधला माणूस हॅलो हॅलो करतोय.

"आगं बोटीचा! बोटीचा पाट! इंजान बगतोय!"

आत माझी भाकरी करपली. तात्या हसून हसून ओट्यावर बसले. मग हसायचे थांबले.

"मी बोटीचंच बोलत हुतो. पर तू म्हनतीस तर..."

"मी कुठं म्हणतेय?"

"बरं बरं. ऱ्हायलं."

पुढे दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. राग त्यांचा नव्हता. तो विचार माझ्याच डोक्यात पहिला आला, त्याचा होता.

इंजिन शेवटी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. जवळच्या अकोल्याच्या दत्ता टेम्पोवाल्यानं ते आणलं. मागचा फाळका उघडला तर इंजिन गोधडीवर निजवलेलं, डोक्याखाली पोत्याची उशी.

"डोकं वर कुनी ठिवाय सांगितलं?"

"भंगारवाला म्हनला, डोकं खाली गेलं तर दांडीतलं पानी इंजानात शिरतं."

"आन् गोधडी?"

"माजीच हाय. रस्ता लई खराब, तात्या."

"मंग तू रातभर काय पांघरलं?"

दत्ता नुसता हसला.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. म्हाताऱ्याचा डाव मला तिथेच कळला होता.

इंजिन बसवायला दत्ता थांबला. मग पुढच्या रविवारी आला. मग दर रविवारी. इंजिनला एवढं काय दुखत होतं देव जाणे!

तात्यांनी एकदा सरळ विचारलं, "इचारू का त्याला?"

"आणि तुम्हाला भाकरी कोण करून घालणार?"

उडवाउडवी नव्हती ती. खरंच तेवढंच अडलं होतं माझं. मी गेले की त्या घरात ते एकटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी धूर. तात्यांनी भाकरी केलेली. एक बाजू कच्ची, एक बाजू कोळसा. माझ्यापुढे ताट सरकवलं.

"खा. आन् आता बोल."

मी ती भाकरी रडत रडत खाल्ली. आणि हो म्हटलं.

भावकी फुगून बसली. एक जण तोंडावर म्हणाला, पोराची आठवण पुसायला निघालात का?

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरगा गेला माजा. पोरगी कशाला घालवू?"

लग्नानंतर बोट पाण्यात घातली. दत्ता इंजिनवर, मी पुढे जीव मुठीत धरून. आधी बोटीनं नाक वर उचललं, मागची बाजू खाली बसली, मी ओरडलेच! मग अचानक बोट सपाट झाली आणि पाण्यावरून सरसर निघाली. काठावर तात्या टोपी हलवत नाचत होते.

"जमलं! पाट जमला!"

मग त्याच टोपीनं डोळे पुसताना दिसले. लांबून दिसले तरी कळतं हो.

पुढे कुणीही भेटलं की ओळख ठरलेली. "ही आमची सून. आन् ह्यो सुनेचा नवरा, म्हंजे आमचा जावई." समोरचा गोंधळला की यांना कोण आनंद.

आज अंत्यविधीच्या वेळी गुरुजींनी दत्ताला विचारलं, "आपण कोण?"

दत्ता म्हणाला, "जावई."

भावकीनंच बाजूला होऊन त्याला वाट दिली.

तात्या, बोट काठावर ओढून घेतली आहे. झाकलेली नाही. इंजिन उतरवून घरात आणलंय. डोकं वर ठेवलंय. खाली गोधडी तुमची घातली.

तुमच्या सुनेचा आणि जावयाचा शेवटचा नमस्कार.