डग्ग्याला टेकलेला गुडघा

चामराजपेटेतल्या आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात त्या अक्का. साठीत कानांनी दगा दिला. चाली बोटांना पाठ होत्या, पण ठेका ऐकू येईना. मग अक्कांनी युक्ती काढली. तबलजींच्या डग्ग्याला गुडघा टेकवायचा आणि ठेका थेट हाडातून घ्यायचा!

"अक्का, वाद्याला पाय लागतो!" तबलजी कळवळायचे.

"नमस्कार करूनच लावते की!" अक्का गल्लीभर ऐकू जाईल असं सांगायच्या.

तबलजींना पेटीवर स्वतःची भाची बसवायची होती. गणपतीच्या कार्यक्रमात ते मुद्दाम हातभर लांब बसले. पहिल्याच कडव्यात अक्कांचा ताल सुटला. मंडळी चुळबुळली. अक्कांच्या हातची पेटी आता जाणार, म्हणून मी टाळ धरून डोळेच मिटले.

उघडले तेव्हा अक्कांनी डग्ग्याला लावलेला हात कपाळी नेला होता. मग भर मांडवात त्यांनी डग्गाच स्वतःकडे ओढला आणि गुडघा टेकवला. "अण्णा, स्वल्प इकडं सरका!"

करतात काय? तबला कवटाळून तबलजी सरकत सरकत अक्कांना खेटून बसले. भजन पुन्हा सुरू झालं. तोच पहिल्या रांगेतून तबलजींच्या बायकोचा आवाज आला, "घरी सोफ्यावर कधी इतके जवळ बसला नाहीत हो!"

तबलजी मान खाली घालून वाजवत राहिले, पण हसता हसता आम्हा बाकी सगळ्यांचा ताल चुकला. अक्कांचा सोडून.