पासवर्डवाला दौलत आणि बिननावाचं खातं

लालबागच्या त्या चाळीत नुसतं ‘दौलत’ विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘पासवर्डवाला’ म्हणा, शेंबडं पोरही दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवेल.

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात लाकूड आयात करणाऱ्या कंपनीचं ऑफिस आहे. तिथे दौलत कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर सुट्टी संपली की अख्खं ऑफिस आपापला पासवर्ड विसरून येतं आणि त्याच्या टेबलाशी घोळका करतं.

“दौलतदादा, तेवढं उघडून द्या ना.”

मग दादा कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार, “परवाच दिला होता ना गं सलोनी? नवऱ्याचं नाव तरी आठवतंय का?” असं म्हणणार आणि दोन बटणं दाबणार. बदल्यात कुणाच्या डब्यातली सुरमईची तुकडी, कुणाकडची घावनं. त्याची बायको मालन म्हणते, “घरचा डबा तसाच्या तसा परत येतो, तरी ह्यांचं पोट सुटतंय. देवाची करणी!”

अशा सुखात हितेंद्र साहेबांनी बिब्बा घातला. त्यांनी एक पोर्टल विकत घेतलं. जो पासवर्ड विसरला त्याने स्वतःच त्या पानावर जायचं, मोबाईलवर आलेला आकडा टाकायचा आणि नवा पासवर्ड करून घ्यायचा. मध्ये दौलत नाही.

“आपल्या सर्व्हरवर हे तूच बसवायचंस,” साहेब म्हणाले. “नाही जमलं तर बाहेरची माणसं बोलावतो, आणि तुला रे रोडच्या गोदामात धाडतो. लाकडं मोजायला माणूस हवाच आहे तिथे.”

ही नुसती धमकी नव्हती. पूर्वी दौलतच्या शेजारच्याच खुर्चीत बसून राजरत्न हेच काम करायचा. त्याने एकदा साहेबांना तोंडावर उत्तर दिलं आणि तेव्हापासून तो रे रोडला भुसा झटकतोय.

दौलतला गणित सुटेना. पोर्टल नाही बसवलं तर खुर्ची जाणार. बसवलं तर खुर्ची राहणार, पण तिच्यापाशी यायचं कोणी कशाला? आपल्याच हाताने आपल्या दुकानाचं शटर खाली ओढायचं, तेही नीट ओढलं नाही म्हणून शिव्या खायच्या!

त्यात पोर्टलवाल्या कंपनीने यादी धाडली. बसवण्याआधी सर्व्हरवर काय काय हवं, त्याची. मुलाकडचे धाडतात ना लग्नाआधी, तशी. विंडोज अमुक सालानंतरचं हवं. वेब सर्व्हर चालू हवा. डॉट नेट नावाचं सॉफ्टवेअर ठरलेल्या आवृत्तीचं हवं, त्याखालचं चालणार नाही. फायरवॉल म्हणजे सर्व्हरचं कुंपण, त्यात एक दार उघडं हवं, बाकीची बंद. दौलत दादरच्या क्लासात टायपिंग सोडून कॉम्प्युटर शिकला, तेव्हा यातल्या निम्म्या गोष्टींचं बारसंही झालं नव्हतं.

तपासणीचा एक पडदा होता. जमलं ते हिरवं, राहिलं ते लाल. दौलतने डॉट नेट नवं घातलं, ते हिरवं झालं आणि वेब सर्व्हर लाल झाला. तो हिरवा केला तर पडदा म्हणाला, मशीन बंद करून चालू करा. दौलतने जेवणाच्या सुट्टीत हळूच केलं, तर अकाउंट्सचा अजित हातातला घास तसाच घेऊन धावत आला.

“दादा, काय मारलंत तुम्ही त्याला?”

“मारलं नाय रे, झोपवलंय. उठेल.”

उठलं, पण आता सर्टिफिकेट मागायला लागलं. दौलतने कंपनीला फोन लावला. “अहो, माणसाला डोमिसाईल लागतं, जातीचा दाखला लागतो. मशीनला कसलं सर्टिफिकेट?”

“सर, हे पान खरंच तुमच्याच सर्व्हरचं आहे, हे ब्राउझरला पटायला नको का?” पलीकडची मुलगी म्हणाली.

“मी सांगतो ना, माझंच आहे!”

“सर, तुमच्या सांगण्यावर नाही पटत त्याला.”

इतकी वर्षं इमानाने काढली आणि आता एक ब्राउझर साक्षीदार मागतो! दौलतला ते लागलं. पण सर्टिफिकेटही आणलं, चढवलं, हिरवं झालं.

शेवटच्या कलमापाशी मात्र त्याची बोटं थांबली. ‘पोर्टलसाठी वेगळं खातं उघडा. ते कोणाही कर्मचाऱ्याच्या नावाचं नसावं. इतरांचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार त्याला द्यावा.’

म्हणजे खातं आहे, पण माणूस नाही. आणि त्या नसलेल्या माणसाच्या हातात सगळ्यांच्या चाव्या! दौलत हे कोडं घेऊनच संध्याकाळी घरी आला.

चाळीत चाव्यांचं खातं कमलाबाईंकडे. जो तो कामाला जाताना आपल्या खोलीची चावी त्यांच्या दारामागच्या खिळ्याला अडकवून जातो. पण त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या कागदावर अजून वारलेल्या नवऱ्याचं नाव आहे. चाळीच्या जागी टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचा माणूस नाव बदलायला ‘उद्या या, परवा या’ करत त्यांना झुलवतोय, आणि त्या विषयावर बाईंची जीभ कात्रीसारखी चालते.

“कमलामावशी,” चावी घेता घेता दौलतने विचारलं, “एखादी गोष्ट कुणाच्याच नावावर नसली तर काय होतं?”

“मग ती बिल्डरची होते!” बाई कडाडल्या. “नाव लाव बाबा, आधी नाव लाव. माझ्या म्हाताऱ्याने आळस केला, आता मी निस्तरतेय.”

झालं. दुसऱ्या दिवशी दौलतने त्या कलमात स्वतःचं नाव लावलं आणि आपला पासवर्ड टाकला. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा! यादीत ‘नसावं’ लिहिलं होतं खरं, पण यादीवाल्यांना चाळ कुठे ठाऊक?

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. “दौलत, दाखव.”

दौलतने शर्ट खाली ओढला. “समजा, मीच माझा पासवर्ड विसरलो,” तो म्हणाला. पानावर गेला, मोबाईलवर आकडा आला, तो टाकला, नवा पासवर्ड केला. चालला! साहेबांनी टाळी वाजवली. रे रोड लांब गेलं.

“आता सलोनी, तू कर.”

सलोनीने केलं. पान गरागरा फिरलं आणि लाल झालं. अजितने केलं. लाल. आणखी दोघांनी करून पाहिलं. लालच. दौलत धावत सर्व्हरवर गेला, नवा पासवर्ड टाकला, तर सर्व्हर म्हणाला, ‘तुमचं खातं बंद झालं आहे. ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा.’

“ॲडमिनिस्ट्रेटर कोण?” साहेबांनी विचारलं.

“मीच,” दौलत म्हणाला.

“मग भेट!”

सगळे हसले. दौलत पुन्हा पडदा वरपासून खालपर्यंत तपासू लागला. मघाशी चाललेलं आता का चालेना? त्याने तर काहीच बिघडवलं नव्हतं. फक्त पासवर्ड बदलला होता, तोही स्वतःचा, तोही पोर्टलवरूनच. काही सुचेना तेव्हा त्याने कोपऱ्यात जाऊन राजरत्नला फोन लावला.

सगळं ऐकून राजरत्न आधी पोट धरून हसला. “दौलत्या, चावी घरात ठेवून लॅच ओढलास की रे! पोर्टल तुझ्या नावाने चालतं ना? तू पासवर्ड बदललास, त्याला कुणी सांगितलं? ते जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोकतंय. चार वेळा चुकीचा ऐकला, सर्व्हरला वाटलं चोर आला. घातला अडसर.”

“आता उघडणार कोण?”

“मी उघडतो की. माझा अधिकार तू काढलाच कुठे होतास?”

आणि रे रोडच्या भुशात बसून, गोदामातल्या कॉम्प्युटरवरून त्याने दौलतचं खातं उघडून दिलं. दौलतने नवा पासवर्ड पोर्टललाही सांगितला. पान हिरवं, सलोनी आत!

साहेबांच्या कपाळाला आठी. “राजरत्नला इथून हलवून एवढा काळ झाला. त्याचा अधिकार अजून चालू?”

दौलतला यात काय चुकलं तेच कळेना. “साहेब, शेजाऱ्याकडची चावी कोण परत मागतं?”

रागवावं की आभार मानावेत, साहेबांचंही ठरेना. शेवटी म्हणाले, “ते बिननावाचं खातं आधी कर. आणि राजरत्नला बोलावून घे. यापुढे चावी दोघांकडे, बसायचंही दोघांनी.”

म्हणजे दौलतची खुर्ची राहिली, टेबल मात्र अर्धं गेलं. डब्यातली सुरमईही आता वाटून खावी लागणार. जिंकलो की हरलो, हा विचार करत त्याने वेगळं खातं उघडलं. नाव विचारल्यावर मात्र थबकला. ऑफिसातलं कुणाचं नाव नको, आणि सगळ्यांच्या चाव्या तर सांभाळायच्या. त्याने टाकलं, ‘कमलाबाई’.

संध्याकाळी चावी घेताना त्याने हे सांगितलं. बाई खिळ्याशीच थांबल्या.

“माझं नाव लावलंस? कागदावर?”

“कागदावर नाय मावशी, सर्व्हरवर.”

“आणि त्या नावाने सगळ्या हापिसाची दारं उघडतात?”

“उघडतात.”

“मग तेच बिल्डरला दाखव की रे, मेल्या!”

दौलत चावी हातात घेऊन उभा. हे त्यांना कसं समजवावं, याचीही एखादी यादी असती तर बरं झालं असतं.