जिथं बोट, तिथं तेल

जिथं दुखतं तिथंच दुखणं असतं, यावर माझ्या मुलीच्या उस्तादांइतका ठाम विश्वास अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणाचा नसेल. अमरावतीच्या एका जुन्या आखाड्यात ते धावणारी मुलं-मुली तयार करतात. वय सत्तरीचं, डावा पाय ओढत चालणं, गळ्यात शिट्टी आणि खिशात तिळाच्या तेलाची बाटली. कोणी लंगडलं की हुकूम सुटायचा, "बोट ठेव!" जिथं बोट, तिथं तेल. एकदा शेजारच्या शाळेचे हेडमास्तर दात दुखतो म्हणाले, तर उस्तादांनी त्यांच्या गालाला तेल चोळलं. मास्तर "बरं वाटलं" म्हणून निघून गेले. नाही म्हणायची छाती कोणाची?

माझीही नव्हती. हातगाडीपासून भांड्यांच्या दुकानापर्यंत आलो तो समोरच्याच्या शब्दाशब्दावर शंका घेत, पण उस्तादांपुढे अक्कल गहाण पडली. मुलीची पोटरी दुखू लागली. तिनं बोट ठेवलं, त्यांनी तेल लावलं. पुढं बोट घोट्यावर गेलं, मागोमाग तेलही. "दुखनं खाली उतरून राहिलं भाऊ, आता अंगठ्यातून निंगूनच जाते!" मी पेढे वाटायचेच बाकी होते. असे पाच महिने गेले. मग एक दिवस चप्पल पायातून निसटली, ते तिला कळलंच नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि फोटो काढायला लावला कमरेचा. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. कंबर मात्र एकदाही दुखली नव्हती. ऑपरेशननंतर ते म्हणाले, "वर्षभर धावायचं नाव नको. अंगठ्यात ताकद परत येईलच असं नाही." मी दुकानातल्या सवयीनं घासाघीस करून ते सहा महिन्यांवर आणायला बघितलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिथून आलो तो थेट आखाड्यात भांडायला. "पोरीचे पाच महिने तेलात बुडवले तुमी!"

"पाय दुखते अन् रोग कमरेत? मले शिकवता काय?" तेही गरजले.

मी फोटो उजेडाला धरला. दुखणं कुठून निघालं, कसं उतरलं, ते दाखवलं. उस्तादांचा हात आपल्या डाव्या पोटरीवर गेला आणि हळूहळू वर सरकत कमरेवर थांबला. "तिशीत माही बी चप्पल अशीच निसटे, भाऊ. मी धावनं सोडलं, तेल नाही सोडलं."

आता कोणी लंगडलं की ते आधी विचारतात, "चप्पल टिकते ना पायात?" मुलगी संध्याकाळी त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसून पळणाऱ्यांकडे बघत असते. माझा राग गेलेला नाही. तो काढायचा कोणावर, तेवढं सुचत नाही. मधेच उस्ताद हळूच विचारतात, "अंगठा उचलते का वो माय?" ती पायाकडे बघत जोर लावते, अंगठा तसाच राहतो. त्यांचा हात सवयीनं खिशातल्या बाटलीकडे जातो आणि तिथंच थांबतो.