न बोलता काढलेला मे महिना

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घशावर उलट जास्त ताण येतो. नंतर थोडं थोडं सुरू करू." मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

बावीस वर्षं मी बारामतीत पहिलीच्या वर्गाला शिकवते आहे. साठ मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवायचा, घरी येऊन शिकवण्या घ्यायच्या, फोनवर पालकांशी बोलायचं. दोन वर्षांपूर्वी आवाज घोगरा झाला. मार्चमध्ये कविता म्हणताना तो मधेच तुटायला लागला. तपासलं तेव्हा स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. साध्याच होत्या, पण काढाव्या लागल्या. शाळेला सुट्टी लागताच शस्त्रक्रिया झाली.

घरी राहून गप्प बसणं जमेना. दार वाजलं की मी "आले" म्हणायला जायची. शेवटी नवरा म्हणाला, "तू शेळगावला जा. आबांकडं कुणी येत नाही, जात नाही. तिथं बोलायचा प्रश्नच नाही."

आबा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून शेळगावच्या वस्तीवर एकटेच राहतात. दीड एकर ऊस, एक गाय, दारात कडुनिंब. बारामतीला या म्हटलं की म्हणायचे, "गायीला कुठं ठेवू? तुमच्या गॅलरीत?" आणि त्यांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी कपाटाच्या खणात टाकलं होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी आबांशी माझं बोलणं असं झालंच नव्हतं. जेवायला या, गोळी घेतली का, असं चार शब्दांचं ओरडून बोलायचं. ओरडून कुणी सुखदुःख सांगत नाही.

पहिले दोन दिवस फार अवघड गेले. मी स्वयंपाकघरात, ते बाहेर बाजेवर. मी ताट पुढे ठेवलं की ते मोठ्यानं विचारायचे, "काय म्हणालीस?" मी मान हलवायची. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते ओशाळायचे. मी वहीत लिहून दाखवलं, तर त्यांना बॉलपेनची अक्षरं दिसेनात.

तिसऱ्या दिवशी ते माळ्यावर चढले आणि धुळीनं भरलेली एक दगडी पाटी घेऊन उतरले. माझ्या नवऱ्याची, लहानपणची. पदरानं पुसून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमटी तिखट झाली का?' आबांनी पाटी मांडीवर घेतली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचलं, "आ-म-टी ति-ख-ट..." अगदी माझ्या वर्गातल्या मुलांसारखं. वाचून झाल्यावर त्यांनी वर बघितलं. "व्हय. तिखट झालीय. पर चांगली हाय." चौथी शिकलेल्या त्या माणसानं कित्येक वर्षांत काही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी धुऊन माझ्या उशाशी ठेवलेली होती.

पाटीवर फार लिहिता येत नाही. त्यामुळे मी एक ओळ लिहायची आणि ते अर्धा तास बोलायचे. कोणत्या सालात विहिरीला पाणी लागलं, तेव्हा सासूबाईंनी सगळ्या वस्तीला गूळ कसा वाटला. गाय कोणत्या बाजूनं पान्हा लवकर सोडते. मधे बोलायची सोय नसल्यामुळे मी ऐकत राहायची. सुरुवातीला माझ्या डोक्यात माझीच बडबड चालू असायची. शाळेच्या याद्या, कुणाला काय सांगायचं राहिलं, मुलीनं पुण्याच्या वसतिगृहातून पाठवलेल्या निरोपाला काय उत्तर द्यायचं. आठवड्याभरात ती कधीतरी थांबली. कोणत्या दिवशी, ते कळलं नाही.

मग मला दिवस दिसायला लागला. मी आयुष्यभर उन्हाळा ढकलत आले होते. पंखा लावायचा, पडदे ओढायचे आणि जून कधी येतो याची वाट बघायची. इथं आबा उन्हाच्या कलानं वागत. सकाळी सहाला शेतात. साडेअकराला कडुनिंबाखाली. दुपारी सावली सरकेल तशी बाज सरकवायची, तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळी गायीलाही सोडून या बाजूला बांधायचं. मोटरीची लाईट आली की ठिबकच्या नळ्यांमधून आधी हवा सुस्कारे टाकत निघायची, मग थेंब पडायला लागायचे. मी बांधावर बसून ते बघायची. पहिला थेंब पडतो त्या जागी मातीला लहानसा खड्डा पडतो आणि तापलेल्या मातीतून वाफ निघाल्यासारखा वास येतो. एवढंच. पण ते बघण्यासाठी मी लाईटची वाट बघायला लागले होते.

एका फुटक्या माठाच्या बुडात आबा पाखरांसाठी पाणी ठेवत. चार वाजता चिमण्या यायच्या. आधी एक यायची, काठावर बसून इकडं तिकडं बघायची, आणि मग बाकीच्या अशा तुटून पडायच्या की निम्मं पाणी बाहेर. आबा हसायचे, मान हलवायचे आणि परत पाणी भरायचे. चार वाजताच ते गवती चहा टाकून दोन कप करायचे. मी पाटीवर लिहिलं, 'रोज चारलाच का?' ते म्हणाले, "तुझी सासू या टायमाला बसायची माझ्यासंगं. ती गेल्यावर बी मी दोनच कप करायचो. एक गार झाला की झाडाला." मग माझ्या कपाकडं बघून म्हणाले, "आता झाडाला मिळत न्हाय."

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी ओसरीवर गवार निवडत होते. आबा उसाच्या पार पलीकडच्या टोकाला नळीत अडकलेला कचरा काढत खाली बसले होते, पाठ माझ्याकडं. आबा पाचट कधी जाळत नाहीत. तोडणी झाली की तो वाळलेला पाला सऱ्यांमध्ये पसरून ठेवतात, ओल टिकते म्हणून. शेजारच्या रानात मात्र कुणीतरी पाचट पेटवलं होतं. वारं फिरलं. मी मान वर केली तेव्हा बांधावरून धूर आमच्याकडं येत होता आणि आमच्या पहिल्या सरीत पिवळी जीभ चढली होती.

मी तोंड उघडलं. हात गळ्याशी गेला, डॉक्टर आठवले. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की मी कितीही जोरात ओरडले तरी आबांना ऐकू जाणार नाही. बावीस वर्षं ज्याच्यावर जगले त्या आवाजाचा इथं काही उपयोग नव्हता.

मी कोपऱ्यातलं लोखंडी घमेलं आणि खुरपं उचललं आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकू जावं म्हणून घमेलं बडवत पळत सुटले. पायात चप्पल नव्हती. ढेकळं तापलेली, पाचटाची टोकं टोचत होती. आबांपर्यंत पोचले आणि त्यांचा दंड धरला. ते दचकून वळले, माझ्या तोंडाकडं बघितलं, मग धुराकडं. क्षणभरच. मग म्हणाले, "तू गोणपाट भिजवून आण. मी निंबाचे डहाळे मोडतो."

घमेल्याचा आवाज फाट्यापर्यंत गेला होता. तिथं एका चाचींचं बांगड्यांचं आणि शिवणकामाचं दुकान आहे. त्या हातातलं काम टाकून दीर आणि जावेसकट धावत आल्या. रस्त्यानं फवारणीची टाकी लावलेला एक ट्रॅक्टर चालला होता, चाचींनी तो आडवा हात करून थांबवला. "अवं, हिकडं घ्या! रानात आग हाय!" ट्रॅक्टरवाल्यानं पाण्याचा फवारा सोडला, आम्ही ओल्या गोणपाटानं आणि डहाळ्यांनी झोडपत राहिलो. अर्ध्या तासात आग विझली. चार सऱ्या काळ्या झाल्या, थोड्या नळ्या वितळल्या. एवढ्यावरच निभावलं. चाचींनी माझ्या पायाला खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं झालं, पर सूनबाई, तुझ्या तोंडून हू की चू न्हाय निघालं!" सगळे हसले. मीही हसले, आवाजाविना.

लोक गेल्यावर आबा बाजेवर बसले. जेवले नाहीत. मग एकाएकी म्हणाले, "हाक मारली असतीस तरी मला कळलं नसतं." मी मान हलवली. ते जमिनीकडं बघत होते. "तुझ्या सासूनं बी मारली असंल. त्या दिवशी. ती आत पडली, आन् मी हितंच बसलेलो, या बाजेवर. किती येळ पडली होती, कुणाला ठावं. मी च्या मागाया आत गेलो तवा..."

सासूबाई झोपेत गेल्या, असंच आम्हाला माहीत होतं. आबांनीच तसं सांगितलं होतं.

मी पाटी घेतली. 'तुमची चूक नाही' असं लिहिलं. ते फार स्वस्त वाटलं, म्हणून पुसलं. 'त्यांनी हाक मारली नसेल' असं लिहायला गेले, पण ते मला कुठं माहीत होतं? तेही पुसलं. बोलता येत असतं, तर मी हे दोन्ही बोलले असते आणि आणखी दहा वाक्यं बोलले असते. पाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ बाजेवर बसले. चारला चिमण्या आल्या. मी उठून चहा केला. त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी आबांनी कपाटाचा खण उघडला आणि मशीन माझ्यापुढं ठेवलं. "ह्याचं काय व्हतंय का बघ." आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. दुकानातल्या बाईंनी त्यांच्या कानाचं नवं माप घेतलं आणि मशीनचं कानात बसणारं टोक नव्यानं बनवायला टाकलं. जुनं सैल होतं, म्हणून शिट्टी वाजायची, इतकंच. आठवड्यानं ते मिळालं. वस्तीवर परत आल्यावर आबा अंगणात उभे राहिले. कडुनिंब वाऱ्यानं सळसळत होता. त्यांनी वर बघितलं, मग गायीकडं, मग चिमण्यांकडं. "ह्या एवढा कालवा करत्यात?" ते म्हणाले. "मला वाटायचं, गुमान अंघोळ करत्यात." आणि त्यांचे डोळे भरून आले.

एव्हाना डॉक्टरांनी मला दिवसातून दहा मिनिटं बोलायची परवानगी दिली होती. मी पहिलं वाक्य आबांशी बोलले. ठरवून काही केलं नाही, गाय दाव्यात गुंतली होती म्हणून, "आबा, दावं सोडवा," एवढंच. आवाज बारीक, अनोळखी निघाला. आबा गाय सोडवून आले आणि म्हणाले, "असा हाय व्हय तुझा आवाज. मला वाटलं, तू लई भांडकुदळ हाईस."

उरलेल्या दहा दिवसांत आम्ही जळालेल्या सऱ्यांमधल्या नळ्या बदलल्या. काळ्या बुडख्यांतून हिरवे कोंब वर आले होते. चाचींकडं कुरडया घालायला गेले, तर आबाही आले आणि चिकाचं पातेलं कसं रटरटतं ते कान देऊन ऐकत बसले. चाची मला म्हणाल्या, "म्हातारा येडा झाला की काय?"

जूनमध्ये शाळा भरली. कॉलरला लावायचा छोटा माइक मी घेतला आहे, ओरडत नाही. पहिल्या दिवशी एका मुलीनं तिच्या शेळीला झालेल्या करडांची गोष्ट सांगायला घेतली. ती फार लांबली. मागच्या वर्षी मी तिला मधेच थांबवलं असतं. या वेळी मी खुर्ची तिच्या बाकाजवळ ओढली आणि बसले.