धामणीच्या नाकावरचं कुंकू

ऑफिसातून आल्या आल्या आमच्या ह्यांनी गॅलरीतल्या काचेच्या पेटीत डोकावून विचारलं, "हिला कुंकू कोणी लावलं?"

ही म्हणजे धामण. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, चारकोपला इमारतींसाठी जमीन खणत होते. तिथून ह्यांनी ती पकडून आणली होती. "अगं, बिनविषारी आहे," म्हणत आमच्या बोरिवलीच्या घरात तिची सोय लावली. पेटीवर तारेच्या जाळीचं झाकण. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना तिच्यासमोर उभं करायचं. ती काचेलगत सारखी वरखाली करायची आणि हे कौतुकाने म्हणायचे, "बघा, काय खेळते!"

तर आता तिच्या नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका होता. नागपंचमी तोंडावर आलेली, आणि घरात उपासतापास करणारी मी एकटीच. "दूध पाजशील, कुंकू फासशील, मारून टाकशील तिला!" हे माझ्यावर ओरडले. मी देवाशपथ सांगितलं, झाकणाला हातही लावलेला नाही. छे, पटेल तर ना! दुसऱ्या दिवशी झाकणाला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या बॅगेत. माझ्याच घरात मी चोर? असा संताप आला म्हणून सांगू!

संध्याकाळी बघतो तर ठिपका आणखी मोठा. हे माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "दुसरी किल्ली करून घेतलीस?"

मग माझंही डोकं फिरलं. किल्ली ह्यांच्याकडे, म्हणजे हेच काहीतरी लावतात आणि माझ्या नावावर खपवतात, असं मला वाटायला लागलं. रात्रभर आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निवडायची भाजी तशीच टाकली आणि पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. धामण काचेलगत वर चढली, जाळीत नाक खुपसलं, रेटलं, घासलं आणि खाली घसरली. पुन्हा वर. दुपारभर तेच. तारेवर ओलं रक्त लागलेलं दिसलं. अगं बाई! ही खेळत कुठली, बाहेर पडायला धडपडत होती बिचारी.

हे आले तेव्हा बूटही काढू दिले नाहीत. "आधी इथे बसा आणि बघा." बसले. बराच वेळ बघत राहिले. मग कुलूप काढून ओल्या कापसाने तिचं नाक पुसलं. कुंकू असतं तर निघालं असतं. कातडी सोलवटली होती, आत लालभडक मांस. त्या दिवशी ह्यांनी चहा घेतला नाही.

जखम भरेपर्यंत तिला गोणपाटाने झाकलेल्या लाकडी खोक्यात ठेवलं. अंधारात ती वेटोळं करून शांत पडून राहायची. मग एका रविवारी कापडी पिशवीत घालून आम्ही तिला होडीने गोराईला नेलं आणि झाडीत सोडलं. ती सळसळत निघाली. हे उकिडवे बसून तिच्या शेपटीकडे बघत म्हणाले, "चुकलं गं बाई माझं."

मी मागेच उभी होते, रिकामी पिशवी धरून. वाटलं, आता माझ्याकडे वळतील.

वळले. म्हणाले, "चल लवकर, होडी निघून जाईल."